पोरीला गाडी लागती

गणूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. फोन त्याच्या मुलाचा, नगरहून. "ताई, आबा गेले. सकाळी उठवायला गेलो तर..." मी येते म्हणाले आणि फोन ठेवला. समोर आमचे हे पेपर वाचत होते. "कोण गेलं?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "माहेरकडच्या ओळखीतले एक जण, नगरचे." सख्खा मामा माझा, आईच्या पाठचा, आणि म्हणे ओळखीतले एक जण. जीभ कशी झडली नाही माझी! याला आता महिना होऊन गेला, पण हे लिहितानासुद्धा मान वर होत नाही.

आमचं गाव जामखेडच्या पलीकडचं. मामा आमच्याकडेच राहून मॅट्रिक झाला. डोक्यावरून विमान गेलं की हातातलं काम टाकून तो मान दुखेपर्यंत वर बघायचा. "आक्का, ह्येच्यात नुसतं बसायचं न्हाई, ह्ये चालवायचं," असं आईला सांगायचा. हवाई दलाच्या भरतीला तो पुण्याला गेला, लेखी परीक्षा पास झाला, आणि तेवढ्यावर आईनं गावभर साखर वाटली. पुढच्या तपासणीत त्याचा डावा कान कमी निघाला आणि त्याला परत पाठवलं. पण साखर वाटून झाली होती, ती आता लोकांच्या पोटातून कशी काढायची? मामा परतताना नगरला उतरला तो तिथेच राहिला. आधी गॅरेजवर, मग क्लीनर, आणि मग ट्रकवर ड्रायव्हर. गावात मात्र तो विमानातच होता. ड्रायव्हर म्हटलं की तेव्हा लोक नाक मुरडत. पीत असणार, बाहेर भानगडी असणार, असं न विचारताच ठरवून मोकळे होत. घरात लग्नाची पोरगी, म्हणून आईनंही त्याला विमानातून खाली उतरवलं नाही.

माझं लग्न त्या मोठ्या दुष्काळातलं. स्थळ घोडेगावचं, मुलगा शाळेत मास्तर, सासरे कडक. बोलणी चालली असतानाच आई सांगून बसली, "पोरीचा मामा विमानदलात हाय." लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आणायला गाडी मिळेना, कारण जो तो ट्रक धान्य वाहण्यात गुंतलेला. शेवटी मामानंच मालकाच्या हातापाया पडून ट्रक मागून घेतला आणि घोडेगावला जाऊन वऱ्हाड घेऊन आला. नवरीच्या मागे मामा उभा राहतो, म्हणून नवा फेटासुद्धा त्यानं पिशवीत आणला होता. पण वाटेत सासरे त्यालाच कौतुकानं सांगत होते, "ड्रायव्हर, मुलीचे मामा विमानात आहेत बरं का." मामा मागच्या दारानं आईकडे आला. मी हळदीच्या अंगानं आतच बसले होते.

"आक्का, मामाला रजा मिळाली न्हाई म्हून सांग. मी ड्रायव्हरच बरा."

"आरं, पन तिच्या मागं कोन उभं ऱ्हाईल?"

"दुसरं कोनबी. ह्यो फेटा घ्या."

आई रडायला लागली. मी ऐकत होते. उठून त्याचा हात धरायचा होता, एवढंच. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. आईचा चुलतभाऊ मामाचा फेटा बांधून माझ्या मागे उभा राहिला, आणि मामा गावातल्या कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला फडकं गुंडाळून मांडवाबाहेर ट्रकच्या काचा पुसत बसला. निघताना सासऱ्यांनी ड्रायव्हरचा मान म्हणून त्याला टोपी-टॉवेल दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून.

नवरा-नवरी म्हणून आम्ही दोघं केबिनमध्ये, बाकी वऱ्हाड मागे. "ड्रायव्हर, जरा बेतानं," हे म्हणायचे, आणि तो "व्हय मास्तर" म्हणायचा. मी खाली मान घालून बसले होते. नगरला त्यानं गाडी थांबवली, यांना चहा आणून दिला, आणि माझ्या हातात न बोलता एक लिंबू ठेवलं. मला लहानपणापासून गाडी लागते. मी लिंबू हुंगत घोडेगावला आले, आणि उतरताना बाकी सगळ्यांच्या पाया पडले. त्याच्या नाही.

पुढे वर्षानुवर्षं तो आमच्या दारावरूनच ट्रक न्यायचा. वळणावर एक लांब आणि एक तोकडा हॉर्न वाजायचा. माहेरी भेटला की म्हणायचा, "इमान बिनकामाचं बग. वरच्यावर जातंय, कुनाला हात करता येत न्हाई. ट्रक बरा." पण हॉर्न ऐकून मी चुलीपुढून कधी उठले नाही. सासू जवळ असायची, सासू गेल्यावर सवय होती. हे मात्र ओट्यावर जाऊन उभे राहायचे. मास्तर माणूस, रहदारी बघायला आवडत असेल, असं मी समजत आले.

त्या दिवशी यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "चल, आवर. मामांना शेवटचं बघायचं ना?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नगरला त्यांनी तुला लिंबू दिलं, तेव्हाच समजलो. नवरीला गाडी लागते हे कुठल्या ड्रायव्हरला ठाऊक असतं?"

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"एकदा त्यांना थांबवून चहा पाजला होता. म्हणाले, मास्तर, तिच्यापाशी काढू नगा. लाजंल ती."

निघताना यांनी टोपलीतलं एक लिंबू उचलून माझ्या हातात दिलं. आता मला गाडी लागत नाही. तरी नगर येईपर्यंत मी ते मुठीत धरून ठेवलं, नाकाशी न्यायचा धीर झाला नाही.

मामाच्या दारात ड्रायव्हर मंडळी जमली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमी कोन?"

"भाची," मी म्हणाले. उभ्या जन्मात चारचौघांत पहिल्यांदा.

"आसं व्हय..." तो मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "आरं सरका, वाट द्या. गनपतची भाची आली. ती न्हाई का, गाडी लागती ती."

सगळे सरकले. सगळ्यांना मी माहीत होते... आणि ते लिंबू कुठे ठेवावं, मला कळेना.