ठिणगी दाखवली होती

"ईज झोपेल शे, उठाडू नका." वीज झोपली आहे, उठवू नका. भरलेली बॅटरी माझ्या इंजिनखोलीतून डोक्यावर घेताना तो दर खेपेला हेच म्हणायचा.

लढाईची वर्षं होती. मी नंदुरबारला कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर होतो. तळोद्याच्या एका जमीनदाराकडे रेडिओ होता, पण त्याची बॅटरी भरायला वीज तिकडे नव्हती. म्हणून त्यांचा हा गडी ती आमच्या डायनॅमोवर भरून न्यायचा. गाडीत हिंदकळून वीज उतरेल म्हणून पायी. तापी ओलांडताना नावेतही ती त्याच्या मांडीवर. सदऱ्याला बॅटरीतल्या तेजाबानं भोकं पडलेली.

त्याला चालताना तुम्ही पाहायला हवं होतं. मान ताठ, पाय जमिनीला विचारून टाकल्यासारखे. वीतभर डबकं आलं तरी वळसा.

"नवरीला घरी नेतोस का रे?" मी चिडवायचो.

"नवरी रुसनी ते परत यी, भाऊ. हाई रुसनी ते मालक माले काढी टाकी."

हे तो हसत म्हणे. पण त्याची बायकापोरं मालकाच्याच गोठ्याला लागून राहत होती.

हंगामात इंजिन चालूच असे, तेव्हा बॅटरी भरायला खर्च असा नव्हता. पावसाळ्यात एका बॅटरीसाठी सगळं इंजिन फिरवावं लागे, म्हणून दर तिप्पट. त्या पावसाळ्यात मी तिप्पट दर घेतला, इंजिन तासभरच चालवलं आणि उरलेलं तेल बाहेर विकलं. मग दोन तारा टेकवून त्याला ठिणगी दाखवली. अर्धवट भरलेली बॅटरीही ठिणगी देते. तो खूश होऊन हसला आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

आठवड्यानं तो परत आला, या वेळी मालकाच्या कारभाऱ्याबरोबर गाडीतून. पाहुणे बातम्या ऐकायला बसले असताना रेडिओ बंद पडला होता.

"मिस्तरी, बॅटरी पुरी भरेल व्हती का?" कारभाऱ्यानं विचारलं.

"ठिणगी त्याच्यासमोरच दाखवली होती," मी म्हणालो.

कारभारी त्याच्याकडे वळला. ठिणगी दिसलीच नाही, असं खोटं बोलायला त्याला तेवढीच एक संधी होती.

"ठिनगी मी दखेल शे," तो म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मंग मन्हाच पाय हालनात व्हई."

हिंदकळल्यानं वीज उतरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी फडक्यानं इंजिन पुसत राहिलो.

पुढं हंगामात बॅटरी आली ती दुसऱ्याच गड्याच्या डोक्यावर. "त्याले काढी टाकं," हा नवा म्हणाला. "बायकापोरं लिसन डोंगरकडे गया." मी पुढं विचारलं नाही. आज लिहून ठेवतो : त्याचे पाय हलले नव्हते.

कारभारी आला होता त्या दिवशी त्यानं बॅटरी गाडीत ठेवली आणि त्याला मागून पायी यायला सांगितलं. तो निघाला. डोक्यावर काही नव्हतं, तरी मान तशीच ताठ. फाटकाबाहेर पावसाचं डबकं साचलं होतं. त्याला तो वळसा घालून गेला.