शाळा मीच उघडते

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी कुवेतला निघाले. इस्लामपूरच्या एका हायस्कुलात मी शिपाई आहे. पोरं आणि मास्तर, सगळेच मला 'मावशी' म्हणतात. खरी मावशी मी एकाच मुलीची, सायलीची. तिची आई शोभा, माझी धाकटी बहीण, तिकडे नर्स आहे.

विमानातून खाली वाळूच वाळू दिसली. रिग्गई भागातल्या शोभाच्या घरात मात्र एसीचा इतका गारठा, की मी भर मे महिन्यात शाल मागून घेतली. सकाळी खुबूस (भट्टीतली गोल रोटी) आणि झुणका खाल्ला. जोडी झकास जमते.

तिसऱ्या दिवशी सायलीच्या शाळेत पालकसभा होती. शोभाची ड्यूटी, मेहुणे दूर शुऐबा गावातल्या कारखान्यात. "ताई, तूच जा की," शोभा म्हणाली. सायलीचा चेहरा पडला.

टॅक्सीत तिने कबुली दिली. "मावशी, सॉरी. मी क्लासमध्ये सांगितलंय, तू हेडमिस्ट्रेस आहेस."

मला वाईट वाटलं, रागही आला. पण पोर दहावीतली. मैत्रिणींत हसं होईल याची तिला धास्ती. "बघू," एवढंच म्हटलं.

शाळा आपल्या भारतीयांचीच. माझी नजर आधी छताच्या कोपऱ्यांकडे गेली. जाळं कुठेच नाही. सवय, दुसरं काय!

वर्गशिक्षिकांनी प्रगतिपुस्तकावर माझी सही घेतली आणि हसून विचारलं, "आप भी स्कूल में हैं ना?"

सायली मान खाली घालून उभी होती.

"जी," मी म्हटलं, "स्कूल तो मैं ही खोलती हूँ."

यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी आदराने मान हलवली. आम्ही दारापर्यंत आलो आणि सायली थबकली. माघारी फिरून ती बाईंशी भराभर इंग्रजीत बोलू लागली. मला 'प्यून' आणि 'माय मावशी' एवढंच कळलं. मागे तिच्या दोन मैत्रिणी ऐकत होत्या. पोरीचे कान लालबुंद झाले, पण ती बोलायची थांबली नाही.

बाई उठून माझ्याकडे आल्या. "बैठिए मौसीजी, चाय पीकर जाइए."

इस्लामपूरला परत आल्यावर शाळेत सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी समुद्र सांगितला, टॉवर सांगितले, सोन्याची दुकानं सांगितली. त्या चहाचं मात्र सगळ्यात शेवटी सांगितलं. बावीस वर्षं मी मास्तरांच्या टेबलावर चहा नेऊन ठेवते आहे. त्या दिवशी मी टेबलाशी बसले होते, आणि सगळ्या वर्गासमोरून कप घेऊन आली ती सायली.