ज्याची त्याची करवंटी

आमच्या वडगावच्या गल्लीत समोरच्या घरात हवालदारानं ब्रह्मदेशातनं आणलेली बायको राहायची. वडीलधाऱ्यांपुढनं जाताना ती इतकी वाकून जायची, की लोक विचारायचे, "काय पडलं गं?" मराठी मोजकंच यायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "व्हय?" म्हणून ती आमच्या तोंडाकडं बघत राहायची.

हवालदार लढाईवर गेला आणि उन्हाळ्यात तिनं दारात पाण्याचा माठ ठेवला, वर एकच करवंटी. तिच्या मुलखात म्हणे दारोदार असंच असतं, वाटेनं जाणाऱ्या कुणीही प्यावं. "कुणाकुणाचा हात लागतोय त्या पाण्याला!" म्हणत कुणीतरी दोनदा माठ फोडला. तिनं तिसरा आणला. मग पंचांनी ठरवलं, माठ हलला नाही तर हिला विहिरीवर येऊ द्यायचं नाही. सांगायला मला धाडलं. माझी मेलीची जीभच रेटेना. मी एवढंच म्हणाले, "हितं एकाच्या करवंटीनं दुसरा पीत न्हाय, वयनी."

"व्हय?" म्हणून ती कितीतरी वेळ मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी माठाशेजारी करवंट्यांची रांग लागली होती. गल्लीत जितकी घरं, तितक्या. सगळ्या घासून गुळगुळीत केलेल्या. भर दुपारी सूत वाळत घालून मी घामाघूम येत होते. तिनं एक भरून माझ्यापुढं धरली.

"ही तुजी, आक्का. व्हय?"

दारादारांतनं बायका बघत होत्या.

"तहान न्हाय मला," मी म्हणाले. कोरड्या घशातनं आवाजसुद्धा धड निघाला नाही.