सुपारीची बोटं

"उघड बघू. पैसे देऊन कापून घेतलंस, आता लाज कसली?"

साखर कारखान्याच्या चेअरमनची बायको, म्हणजे बाईसाहेब, माझ्या पलंगावर बसून म्हणाल्या. मागे अकरा बायका, मला बघायला आलेल्या. सासूनं दार लोटलं. मी ब्लाऊज उघडला. नवरा त्याच कारखान्यात वजनकाट्यावर कामाला, म्हणून.

छातीचं वजन मी वीस वर्षं ओढलं. पाठ भरून यायची, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ, उन्हाळ्यात घामानं खालची कातडी सोलवटायची. शेवटी संभाजीनगरला ऑपरेशन करून छाती कमी करून घेतली. कुणी त्याला नटणं म्हणतं. म्हणू दे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: पट्टी कोरडी ठेवा. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. लाली, पू, ताप दिसला की थांबू नका, लगेच या.

बाईसाहेबांनी सुपारी चघळत पट्टीचं टोक नखानं उचकटलं. बोटांना थुंकीत भिजलेला चुरा. त्याच बोटांनी टाक्यांवर अंगारा चोळला.

"बगा गं, पपईची लिंबं केली!"

सगळ्या हसल्या. सासूसुद्धा. मोरीत नवा साबण होता. एकीनंही हात धुतले नव्हते.

पुढं टाके लाल झाले. मग पू. तो वास अजून नाकात आहे. पुन्हा ॲडमिट, जखम उघडून धुणं, सलाईन. त्या हातानंच झालं का, मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही. मीही शपथेवर सांगत नाही. पण ती बोटं मी पाहिली आहेत.

घरी आले, तर बाईसाहेब पुन्हा हजर. हातात नारायणगडाच्या अंगाऱ्याची पुडी.

"काढ ब्लाऊज."

"न्हाई."

सासू कानाशी लागली, "लावू दे गं माय, पोटावर पाय येईल."

"अंगारा कपाळाला लावा, बाईसाहेब. आन् आदी हात धुवा. मोरी तिकडं हाय."

"आमाला हात धुवायला सांगतीस? लई माज आला व्हय गं?"

"आला."

नवऱ्याला काट्यावरून काढून उसाच्या चोथ्याच्या ढिगावर कामाला टाकलं. तो माझ्याशी धड बोलत नाही. माफी मागून ये, म्हणते सासू. मी जाणार नाही. जखम भरलीय, व्रण आहे. साबण आता दाराशी ठेवलाय. बाईसाहेब येवोत नाहीतर खुद्द चेअरमन, हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि धुतलेला हातही मी सांगेन तिथंच थांबेल.