बेटावरची होळी

बंदुका दोन्ही बाजूंनी रोखल्या गेल्या तेव्हा पांडूभावोजी तोंडावर पालथा हात मारत बोंब ठोकत होते. त्यांच्या मागे एक उंच काठी उभी होती आणि काठीवर लाल फडकं फडफडत होतं. ज्या बेटावर झेंडा लावायला सक्त मनाई होती, तिथेच त्यांनी तो लावला होता. गोरा साहेब तंबूतून धावत आला, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. "खानसामा, नीचे बैठो!" तो ओरडला. भावोजी बसले नाहीत. पेटवायच्या आधी होळीपुढे कोण बसतं?

पांडूभावोजी माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. पावणे गावात आमची दारं समोरासमोर. तरुणपणी ते अरबांच्या समुद्रात, तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या बोटीवर स्वयंपाकी होते. इंग्रज आपल्याकडून गेला होता, पण तिकडे अजून ठाण मांडून होता. पुढे भावोजी गावी परतले, कारखान्यातल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि उरलेलं आयुष्य माझ्या ओट्यावर बसून ते बेट सांगण्यात घालवलं. मी मासळी साफ करायची, ते बोलायचे. मदतीला कधी बोट लावलं नाही. "मी रिटायर कूक हाय, वयनी," म्हणायचे.

बेटाचं नाव मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. दोन्हीकडचे लोक त्याला वेगवेगळ्या नावाने हाक मारायचे. एक नाव घेतलं की दुसरा रागवायचा. म्हणून भावोजी नुसतं "ते बेट" म्हणायचे आणि ही सवय मरेपर्यंत राहिली. रागावायला पावण्यात कोण होतं, देव जाणे.

बेटावर ना झाड, ना विहीर. पण खाली तेल असेल असं कंपनीला वाटत होतं. अलीकडच्या शेखाने कंपनीला खोदायचा परवाना देऊन टाकला. पलीकडचा राजा म्हणाला, बेट माझं, हा कोण देणार? इंग्रजाने शेखाला सांगितलं, बेट तुझंच. राजाला सांगितलं, बघू. भावोजी म्हणायचे, "एकच पोर दोन घरांत बोललेली, नि सुपारी तिसऱ्यानंच फोडलेली." मग इंग्रजाने हुकूम काढला, निकाल लागेपर्यंत बेटावर कुणीही झेंडा लावायचा नाही. जो लावेल त्याचा दावा समजला जाईल आणि दुसरा गोळी घालायला मोकळा होईल. बेटाच्या एका टोकाला शेखाचे शिपाई बसले, दुसऱ्या टोकाला राजाचे. मध्ये कंपनीचे तंबू आणि भावोजींची चूल. गोड्या पाण्याची पिंपं चुलीशेजारीच ठेवलेली. त्यामुळे दिवसभर दोन्हीकडचे शिपाई डबे घेऊन भावोजींपुढे उभे. तिथून त्यांना एक म्हणणं सापडलं ते सापडलंच. गावात बांधावरून भांडण असो की सोसायटीत पार्किंगवरून, ते विचारायचे, "झेंडा कोनाचा ते मागनं बगू. पानी कोनाकडं हाय?"

शिमग्याच्या थोडं आधी मुंबईहून आलेल्या गलबतावर निरोप आला की जानकीला मुलगा झाला. जानकी त्यांची बायको. आमच्यात बाळाची पहिली होळी बापाने चुकवायची नसते. बाळाला उचलून होळीभोवती फिरवायचं, नारळ टाकायचा, मग पोर दणकट होतं. बाळ पावण्यात, बाप बेटावर. भावोजींनी विचार केला, बाळाला इथे आणता येत नाही, पण होळी तर लावता येते. साहेबाला विचारावं, हे डोक्यातही आलं नाही. होळीला परवानगी कसली?

तर त्यांनी बोटीवरची जुनी काठी आणली. खोक्यांच्या फळ्या फोडून भोवती रचल्या. फुलं नव्हती म्हणून कांद्यांची माळ घातली. आणि शेंड्याला लाल फडकं बांधलं, कारण शेंड्याला कापड नसलेली होळी आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही. दिवस मावळायला आला तशी पहिली बोंब मारली.

बोंब ऐकून दोन्ही टोकांचे शिपाई बंदुका घेऊन आले. शेखाच्या लोकांना वाटलं, राजाचा झेंडा. राजाच्या लोकांना वाटलं, शेखाचा. शेखाचा जमादार म्हातारा बलुची होता, कधीकाळी मुंबईच्या गोदीत हमाली केलेला. तो पुढे झाला.

"किसका झंडा है?"

"किसीका नहीं, जमादार. होली का है."

"कौन से मुल्क की होली?"

"पावने की!"

साहेबाने ताबडतोब नकाशा मागवला. दोन दावेदार कमी होते म्हणून तिसरा उपटला, असं त्याला वाटलं. तो बोटाने समुद्रभर पावणे शोधत राहिला.

"मेरेकू लडका हुआ, जमादार," भावोजी म्हणाले. "उसकी पहिली ईद है ये."

जमादाराने बंदूक खाली केली नाही. "ईद है तो झंडा उतार."

"उतारने का नहीं. जलाने का."

आणि त्यांनी जळतं लाकूड फळ्यांत खुपसलं. कोरड्या फळ्या, वरून चुलीचं रॉकेल. जाळ असा उठला की भावोजींचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तो डाग मी रोज पाहिलाय, तेवढं तरी खोटं नव्हतं. फडकं पेटलं, काळं झालं आणि उडून गेलं. बंदुका घेतलेले सगळे बघत राहिले. बेटासाठी लावलेला झेंडा लावणाराच कशाला जाळेल? आधी जमादाराने बंदूक खाली केली, मग राजाच्या माणसांनी. भावोजींनी होळीभोवती फेरी मारली, हातांत बाळ असल्यासारखी. मग भाजलेला नारळ फोडून दोन्ही बाजूंना वाटला. पहिला तुकडा कुणाला द्यायचा, यावरून परत पेच नको म्हणून तो स्वतः खाल्ला.

काठी कोसळली ती समुद्राच्या दिशेने. पुढे कंपनीला तेल समुद्रातच लागलं, हे ते छाती काढून सांगायचे, जसं काही काठीनेच दाखवलं.

मी एकदा विचारलं, "भावोजी, दोन्हीकडून गोली लागली असती तर?"

"तर आदी कोनाची लागली यावर दोगं भांडले असते."

"आणि बेट शेवटी मिललं कोनाला?"

"मला काय म्हाईत? माजं पातेलं मला मिललं."

आमच्या खाडीकडच्या शेतात सरकारचे मोजणीवाले आले आणि बांधाबांधावर लाल कापडाच्या काठ्या रोवून गेले, तेव्हा सगळं गाव चिडलं होतं. भावोजी एवढंच म्हणाले, "मी लावला तो मीच जालला. यांचे कोन जालनार?" कुणी जाळले नाहीत. तिथे आता कारखाने आहेत.

गेल्या शिमग्याच्या आधी भावोजी दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. पोटभर जेवले होते, भात दोनदा मागून घेतला होता. ज्याच्यासाठी होळी लावली तो भरत आता स्वतः आजोबा झालाय. दणकट आहे. गोरा साहेब, जमादार, दोन्हीकडचे शिपाई आणि पांडूभावोजी, त्या संध्याकाळी बेटावर जे होते ते सगळे त्या होळीतून जिवंत सुटले.