पाकिटाची पाठ

माझे सासरे किराणा दुकानात उभे राहून बिस्किटाचं पाकीट मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं म्हणजे एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा होते तसं. "गव्हाचं पीठ, कंसात मैदा. साखर. पाम तेल." मग थोडं थांबून पाकीट परत फळीवर ठेवायचे. हमीदभाईंच्या दुकानात गर्दी असली की कोणीतरी हटकायचंच, "कंट्रोलरसाहेब, कारंजा गाडी लागली का?" मान न वळवता ते म्हणायचे, "लागली. पन तिच्यात गहू बसला हाये. आपल्याले नाई जमत."

त्यांची सगळी नोकरी वाशीमच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. आमच्या गावात, अनसिंगमध्ये, त्यांना नावानं हाक मारणारी माणसं फार थोडी. गावाचे ते कंट्रोलरसाहेब आणि माझे मामाजी. उंच, हाडापेरानं मोठा माणूस. निवृत्तीनंतर गावातल्या प्रत्येक लग्नात पंगतीची जबाबदारी त्यांच्याकडे असायची. हातात पोळ्यांची टोपली घेऊन ते रांगेतून फिरत आणि नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन जास्त टाकत. "पानावर बसून नाई म्हनू नये, गाडीत बसून उतरू नये," असं ते म्हणत. आग्रहाच्या बाबतीत त्यांच्यासमोर कोणाचं काही चालत नसे.

मग त्यांचं वजन उतरायला लागलं. जुलाब सुरू झाले की थांबत नसत. रक्त कमी, पाय सुजलेले. लोहाच्या गोळ्या झाल्या, कावीळ असेल म्हणून झाडपाला झाला. शेवटी अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि आजाराचं नाव सांगितलं. सिलिअ‍ॅक. गव्हातला चिकट भाग यांच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. किती दिवस, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जन्मभर.

मामाजी म्हणाले, "जलमठेप झाली म्हना. गुन्हा तं सांगा, साहेब."

नातेवाईक म्हणाले, एवढं काय त्यात, आपण वऱ्हाडी माणसं, ज्वारीची भाकर खायची. मलाही तेच वाटलं होतं. पण ज्वारी दळायची कुठं? गावातल्या चक्कीवर आधी कोणाचा तरी गहू उतरलेला असतो. म्हणून घरात लहान गिरणी आली. तवा वेगळा, परात वेगळी, पोळपाट तर त्यांच्या वाऱ्यालाही नको. मी नवऱ्याबरोबर शेतीच्या औषधांचं आणि बियाण्यांचं दुकान चालवते. सकाळी दुकान उघडायच्या आधी भाकरी आणि दुपारी परत येऊन भाकरी, असा माझा दिवस झाला. माहेरी मुक्कामाला जाणं बंद झालं. दुसऱ्या कोणाच्या हातचं खायला ते तयार नसत. ते गव्हात अडकले होते आणि मी त्यांच्यात.

पाकिटांचं वाचन आम्ही दोघं सोबतच शिकलो. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची मला सवय आहे. ते काम बिस्किटांपेक्षा सोपं, कारण विष विकणारा विष असंच लिहितो. पहिल्या आठवड्यात मामाजींनी शेवयांचं पाकीट आणलं. मी म्हटलं, "मामाजी, ह्या गव्हाच्या हायेत." ते म्हणाले, "हिरवा ठिपका हाये ना वर!" हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचा, हे समजल्यावर त्यांना त्या ठिपक्याचाच राग आला. "मंग गव्हासाठी एक ठिपका काहून नाई? बकऱ्याची एवढी काळजी, मानसाची नाई?"

एकदा ज्वारीच्या बिस्किटांचं पाकीट सापडलं. वर ज्वारीचं भरगच्च कणीस छापलेलं. मामाजी हरखले. मी पाकीट उलटं केलं. पहिलं नाव मैद्याचं होतं आणि ज्वारी मिठाच्या जरा वर. त्या दिवसापासून त्यांनी पाकिटाची पुढची बाजू पाहणं सोडून दिलं. "तोंडाले ज्वारी, पोटात मैदा," असं ते म्हणत. पुढे काही माणसांबद्दलही तेच म्हणायला लागले.

मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावर माल्ट लिहिलेलं होतं.

"माल्ट म्हंजे काय, पोरी?"

"जवाचा अर्क."

"मंग जव म्हनाले काय झालं? नाव बदलून फिरते म्हंजे काईतरी करून आला असंन."

सगळ्यात जास्त ते वैतागत ते "गव्हाचा अंश असू शकतो" या ओळीवर. "असू शकतो म्हंजे? गाडी आली का नाई आली, एक सांगा ना. मी असं माइकवर बोललो असतो तं पब्लिकनं मारलं असतं." हमीदभाई हसून म्हणायचे, "साहेब, तुमी आता गिऱ्हाईक नाई राह्यले, इन्स्पेक्टर झाले. माझी फळी वाचून संपवली, पन घेतलं काय? मुरमुरे!" मुरमुरेही ते बंद पाकिटातलेच घेत. उघड्या पोत्यात कोणता हात आधी कुठं घालून आला, ते कुठं लिहिलेलं नसतं.

याच काळात जऊळक्याला त्यांच्या जुन्या ड्रायव्हर मित्राच्या मुलीचं लग्न निघालं. मी डबा भरून दिला आणि सोबत गेले. पंगतीत मामाजींनी डबा उघडला आणि मित्र धावतच आला. "कंट्रोलर, माह्या मांडवात घरचा डबा? आमचं अन्न बाटलं का?" मामाजींनी आजार समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या प्रेमानं भाकरीवर एक जिलेबी ठेवली. "एकानं काय होते! तुमीच तं म्हनता, पानावर बसून नाई म्हनू नये." मामाजींनी डबा बंद केला. परतीच्या गाडीत तो त्यांच्या मांडीवर तसाच होता. त्यानंतर ते कोणत्याही लग्नाला गेले नाहीत. पुसदला लेकीकडे जाणंही थांबलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना गावोगावी पाठवलं, तो घर, ओटा आणि हमीदभाईंचं दुकान एवढ्यात फिरायला लागला.

एवढं करूनही ते बरे होत नव्हते. वजन आणखी उतरलं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातो आहे, हे असंच चाललं तर आतडं कामातून जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. कुठून जातो, ते आम्हाला सापडेना. माणसं अशा वेळी वस्तूवर संशय घेत नाहीत, माणसावर घेतात. कोणीतरी माझ्या नवऱ्याला सांगितलं की कंट्रोलरसाहेब रोज दुपारी बसस्टँडवरच्या हॉटेलात असतात.

नवऱ्यानं जेवताना विचारलं, "बाबा, खरं सांगा. हॉटेलात बसता का नाई?"

"बसतो."

"कचोरी खाता?"

"कचोरी पायतो. लोकं खातात ते पायतो. मी खात नाई."

"मंग गहू जाते कुठून?"

"मले माईत असतं तं तुले सांगितलं नसतं का रे? घरातल्या घरात माह्यी झडती घेऊन राह्यला?"

नवऱ्याचा विश्वास बसलेला नव्हता. खरं तर कोणाचाच नव्हता. मामाजींना ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते हॉटेलकडे फिरकले नाहीत. भाजी सोडली, चटणी सोडली, लोणचं सोडलं. नुसतं वरण-भात. "आता कोनी काई म्हनू नये," म्हणाले. पोटात गुबारा धरला की सासूबाई ताकात हिंग कालवून देत. आमच्याकडे पोटाला दुसरं औषध काय असतं? तान्ह्या पोराच्या बेंबीलाही हिंगच लावतो. मामाजींना हिंगाची भारी आवड, वरणाची फोडणी त्यांना घरभर वास सुटल्याशिवाय मान्य नसे. आणि वरण-भातावर आल्यापासून ते जास्तच आजारी पडायला लागले.

ते मला पटेना. दुकानात शेतकरी येतो, फवारणी करूनही पीक सुकतं म्हणतो, तेव्हा मी त्याला पंपापासून पाण्यापर्यंत सगळं विचारते. तसंच केलं. एका दुपारी वरण-भातात जे जे पडतं ते सगळं मामाजींच्या खाटेवर आणून ठेवलं. "वाचा," म्हटलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मामाजींना आता बसवत नव्हतं, उशीला टेकून त्यांनी चष्मा लावला. डाळ घरच्या शेतातली, तिला वाचायचं काय. तांदूळ तसाच. तेलाचं पाकीट वाचलं. हळद वाचली. मिठाचीही पिशवी वाचली. मग हिंगाची पिवळी डबी उचलली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली.

"गव्हाचं पीठ," ते म्हणाले. मग डिंकाचं नाव आलं आणि हिंग त्याच्याही नंतर.

त्यांनी डबी पुन्हा फिरवून पाहिली, चुकून दुसरीच वाचली नाही ना म्हणून. बिस्किटं, शेवया, चिवडा, सगळ्यांची आम्ही पाठ पाहिली होती. हिंगाची पाहिली नव्हती. हिंग हे खाणं आहे, असं आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

"कंडक्टरच बिगरतिकीट निघाला व, पोरी," मामाजी म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, तरी थांबेनात.

सासूबाई हसल्या नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाल्या, "मी तुमाले रोज ताकात देऊन राह्यली होती जी. माह्या हातानं."

मामाजींचं हसू तिथंच थांबलं. "तुले वाचता येते का?"

"नाई."

"मले येते. आन डबी मीच आनली. तवा तू मधात येऊ नको." ते इतक्या करड्या आवाजात बोलले की सासूबाई मुकाट्यानं आत गेल्या. नंतर मला हळूच म्हणाले, "तिले आज एकटी सोडू नको."

संध्याकाळी नवऱ्यानं डबी पाहिली. वडिलांच्या पायाशी बसून त्यांचे पाय चेपू लागला. मामाजीच म्हणाले, "बस झालं. जाऊन दुकान पाय."

फरक हळूहळू पडला. आधी जुलाब थांबले, मग पायांची सूज उतरली, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जुने सदरे अंगाला येऊ लागले. पण सुटका झाली असं मी म्हणणार नाही. ते बरे झाले एवढंच. लग्नाला ते पुढेही गेले नाहीत आणि कोणी घरी पेढे आणले तरी आधी माझ्याकडे पाहत. अकोल्याला तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं असं मला कळलं होतं, पण सासूबाईंनी कुठलंच हिंग पुन्हा घरात येऊ दिलं नाही. वरणाला लसणाची फोडणी असायची. मामाजी तक्रार न करता खात. आणखी काही वर्षं अशी गेल्यावर एका सकाळी हृदय बंद पडून ते गेले. आतड्याचा त्यात काही संबंध नव्हता.

तेरवीला मोठा स्वयंपाक होता. गावानं पंगतीला मनापासून हजेरी लावली. मामाजींच्या नावाचं पान वाढायला घेतलं तेव्हा पुसदहून आलेली माझी नणंद पुरणपोळी घेऊन पुढे आली. तिचे डोळे भरलेले होते. "वहिनी, आता तं वाढू द्या. किती वर्सं झाली बाबाईले पोळी खाऊन." जवळच्या बायका म्हणाल्या, खरंच आहे, आता कसला आजार. मलाही त्यात चूक दिसली नाही. मेलेल्या माणसाला काय सोसतं आणि काय नाही, याचा हिशेब ठेवणारी मी नाही. मी पान पुढे केलं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "थांब व."

नणंद थांबली.

"तिकडं गेल्यावर नवं आतडं भेटते का?"

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं.

"माईत नाई ना कोनाले? मंग पोळी उचल. भाकर ठेव."

मी आत जाऊन गिरणीतून पीठ काढलं आणि त्यांचा वेगळा तवा चुलीवर ठेवला.