उरणची चाकूमंडळी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चाकू जमवायला मला पंधरा-वीस वर्षं लागली, पण त्यांच्या मागून आलेले किस्से आपोआप साचत गेले. आता कोणी घरी येतो, चाकूंची पेटी उघडायला लावतो, आणि पाती बघायची सोडून किस्सेच ऐकत बसतो!

गोष्ट उरणची. एकोणीसशे पंचवीसनंतरची दहा-बारा वर्षं. मी मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. आम्ही चौघे: जहाजांवर खलाशांचे सारंग म्हणून जन्म काढून घरी परतलेले हसनभाई, दवाखान्यातले कंपाउंडर गोविंदराव, करंजा गावचा मच्छीमार भिकाजी नाखवा आणि मी. दर रविवारी दुपारी हसनभाईंच्या पडवीत बैठक. विषय एकच, खिशात मावणारा घडीचा चाकू. गाव आम्हाला 'चाकूमंडळी' म्हणायचं. भजनीमंडळी असते तशी!

*

हसनभाईंनी बंदराबंदरांतून चाकू आणले होते. पहिल्याच भेटीत मी एक विकत मागितला.

"दुकान नाय काढलंय मी," ते म्हणाले. "आधी चाकू मिटायला शिका."

त्यांनी एक साधा चाकू हातात दिला. तो आवाज न करता मिटायचा. पातं तसंच सोडलं की मुठीतल्या लोखंडावर आपटतं आणि धार मरते. बोटांनी धरून ते शेवटपर्यंत न्यायचं. ऐकायला सोपं! पहिल्या आठवड्यातच अंगठा तीनदा कापला. कचेरीत दिवसभर मिठाचे नमुने हाताळायचे, आणि त्यात हा अंगठा! डोळ्यांत पाणी यायचं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही मिठागरात काम करता की खाटिकाकडे?"

पण मी एकही रविवार चुकवला नाही. दोन महिने गेले. एकदा हसनभाई पाठमोरे बसून पान लावत होते. मी चाकू मिटला.

"मिटा की," ते म्हणाले.

"मिटला!"

त्या दिवशी त्यांनी मला पेटीला हात लावू दिला.

*

गोविंदरावांना मोऱ्याच्या बंदरावर, ओहोटीच्या चिखलात एक चाकू सापडला. चाकू कसला, गंजाचा गोळा! पातं मुठीत पक्कं चिकटलेलं. भिकाजी नाखवा म्हणाला, "कंपाउंडर, परत समुंद्रात टाका त्याला. मेलाय तो."

गोविंदरावांनी तो घरी नेला. शिमग्याच्या सुमाराला त्यांनी तो रॉकेलमध्ये बुडवला. मग खोबरेल, मग एरंडेल. दवाखान्यातून आले की पंधरा मिनिटं राखेनं घासायचे, नखानं पातं ओढायचे. पातं हलायचं नाही. पावसाळा आला, हवेतल्या खाऱ्या ओलीनं निघालेला गंज पुन्हा चढला. यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली!

वहिनी वैतागल्या. "माझ्या गुडघ्यांना कधी एवढं तेल चोळलंत?"

गणपतीत, आरती संपल्या संपल्या, गोविंदराव आमच्याकडे धावत आले. चाकू उघडला होता! आम्ही बघितलं तर पातं अर्धंच. पुढचं टोक कधीकाळी तुटून गेलेलं.

गोविंदराव मात्र खूश. "अर्धं तर अर्धं! पण उघडलं की नाही?"

*

भिकाजी नाखवा आमच्यात बसायचा, पण आमच्या पेट्यांना हसायचा. "चाकू मखमलीत कशाला निजवता? आजारी हाय का तो?" त्याच्याकडे चाकू एकच. गावच्या लोहारानं पिंपाच्या जुन्या पट्टीतून घडवलेला, लाकडी मुठीचा.

एका रविवारी पैज लागली की सर्वांत तेज धार कोणाची. हसनभाईंनी नियम सांगितला: पाणी नाही, साबण नाही, हातावरचा केस अलगद उतरला पाहिजे. मी शेफील्डचा काढला, गोविंदरावांनी जर्मन. एकेक फेरी होत गेली. कोणी हार मानायला तयार नाही. हरलेला दगडावर धार लावून परत यायचा! संध्याकाळपर्यंत चौघांचे डावे हात कोपरापर्यंत गुळगुळीत. शेवटी जिंकला तो पिंपाच्या पट्टीचा चाकू.

मी घरी आलो. बायकोनं हाताकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, कोणाचं सुतक आलं?"

*

पुढे चळवळीचे दिवस आले. कोणीतरी चुगली केली की कंपाउंडरच्या घरी हत्यारं आहेत. एका सकाळी आम्ही गोविंदरावांकडे चहाला बसलो होतो, तर एक हवालदार दारात हजर. "झडती घ्यायची आहे. हत्यारं काढा."

आम्ही घाबरलो. गोविंदरावांची नोकरी जाणार, चाकू जप्त होणार! पण त्यांना राग आला तो 'हत्यारं' या शब्दाचा. त्यांनी पांढरं धोतर पसरलं, त्यावर एकेचाळीस चाकू ओळीनं मांडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हा कुठला, याचं पोलाद कसलं, मूठ शिंगाची की हाडाची, याला कोणतं तेल चालतं. हवालदार म्हणाला, "पुरे." गोविंदराव म्हणाले, "झडती आहे ना? मग पुरती घ्या!"

एकेचाळिसावा झाल्यावर हवालदारानं उठून दार लोटून घेतलं. आता बेड्या, असं आम्हाला वाटलं. त्यानं खिशात हात घातला, स्वतःचा चाकू काढला आणि हळूच विचारलं,

"कंपाउंडरसाहेब, ह्याला सारखा गंज येतो हो. काय करावं?"

*

आम्ही चौघे एकदा मुंबईहून लाँचनं परतत होतो. हसनभाईंच्या खिशात कागदात गुंडाळलेला चाकू होता. शिंपल्याच्या मुठीचा. तरुणपणी एका कप्तानाकडे तसा पाहिला होता आणि तेव्हापासून प्रत्येक बंदरात शोधला होता. तो त्या दिवशी मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाला! आम्ही विनवण्या केल्या, पण ते कागद सोडेनात. "घरी जाऊन, हात धुऊन."

भर दुपारी, मोऱ्याजवळ लाँच चिखलात रुतली. भरती येईपर्यंत तीन-चार तास हलणं नाही. आणि माहेरी निघालेल्या एका पोरीला कळा सुरू झाल्या.

बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. तिला न्यायला आलेली आजी आत, गोविंदराव बाहेरून धीर देताहेत. बऱ्याच वेळानं बाळ रडलं आणि आजीनं आडोशातून डोकं काढलं.

"नाळ कापाया पातं हाय का रं कुणाकडं?"

आम्ही तिघांनी एकदम चाकू काढले. आजूबाजूचे उतारू मागे सरकले! म्हातारीनं माझा हुंगला. "तेलकट." गोविंदरावांचा पाहिला. "ह्याला टोकच न्हाय." भिकाजीचा हातातही घेतला नाही. "मावऱ्याचा वास मारतोय."

हसनभाईंनी कागद सोडला. इंजिनवाल्यानं बॉयलरचं कढत पाणी दिलं, त्यात चाकू बुडवून म्हातारीच्या हाती दिला. मुलगी झाली होती.

भरती आली, लाँच धक्क्याला लागली. म्हातारीनं चाकू पुसला आणि कमरेला खोचला.

"पाचवीला पोरीच्या उशाला लोखंड लागतंय. बारा दिसांनी न्या."

हसनभाईंनी मोकळा कागद घडी करून खिशात ठेवला. तेराव्या दिवशी सकाळी ते म्हातारीच्या गावाला चालत गेले. चांगले दोन कोस. आम्ही तिघे पडवीत वाट बघत बसलो. संध्याकाळी आले ते रिकाम्या हातांनी.

"चाकू दिला नाही तिनं?" मी विचारलं.

"देत होती."

"मग?"

हसनभाईंनी जोडे काढले, पायांवर पाणी घेतलं आणि म्हणाले, "तेल लावून आलोय. आता पुढच्या महिन्यात जाईन."